शाळा समितीचा अध्यक्ष कसा निवडतात?

वर्गाचा प्रतिनिधी निवडताना विद्यार्थी नावे सुचवतात, हात वर करतात आणि मते मोजतात. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही असाच सदस्यांतून निवडायचा असतो. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते, म्हणून आम्ही येथे थोडक्यात माहिती देत आहोत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी व अल्पसंख्याकेतर अनुदानित शाळांत ही समिती असावी लागते. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. बेळगाव भागातील सरकारी मराठी शाळांत तिला शाळा सुधारणा समिती किंवा एसडीएमसी म्हणतात.

समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. १२ जणांची समिती धरली, तर ९ पालक झाले. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांप्रमाणे उरलेल्या तिघांत एक स्थानिक स्वराज्य संस्थेचा सदस्य, एक शिक्षक आणि पालकांनी ठरवलेला एक शिक्षणतज्ज्ञ किंवा विद्यार्थी असतो. राज्यांचे स्वतःचे नियम असतात. आपल्या राज्याचे नियम मुख्याध्यापकांकडे पाहावेत.

आता मुख्य मुद्दा. नमुना नियमांनुसार अध्यक्ष व उपाध्यक्ष हे पालक सदस्यांतूनच निवडायचे असतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य व निमंत्रक असतात, अध्यक्ष नव्हेत. ज्यांची मुले त्या वर्गांत बसतात, त्यांनीच शाळेच्या कामावर व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवावे, हा त्यामागचा हेतू. अध्यक्षाचे नाव आधीच ठरवून पालकांची फक्त सही घेतली, तर हा हेतूच उरत नाही.

यासाठी आम्ही पालकांना सुचवतो: निवडीचा विषय सभेच्या नोटिशीत असावा. प्रत्येक नावाला सूचक व अनुमोदक असावा. दोन नावे आली तर चिठ्ठीने मतदान घ्यावे, म्हणजे कोणाला संकोच राहत नाही. बिनविरोध निवड झाली तरी इतिवृत्तात तशी नोंद करावी. उपाध्यक्षपद नावापुरते ठेवू नये. अध्यक्ष गैरहजर असताना सभा तेच चालवू शकतात.

आपल्या संस्थाचालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देते. निर्णय संस्थेचा असला, तरी पालकांनी निवडलेल्या अध्यक्षाचा सल्ला ऐकून घ्यावा आणि तो मानला नाही तर कारण सांगावे. मराठी शाळेत मुले टिकवायची असतील, तर आधी पालकांचा विश्वास टिकवला पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
१. १६ जणांच्या समितीत किमान किती पालक आणि किती महिला असतील?
२. मुख्याध्यापक अध्यक्ष का नसावेत? घरी चर्चा करून पाच ओळी लिहा.