शिलोहाचा बुरूज, पानशेतचे धरण आणि आपण



दर तीन वर्षांनी, 'क' वर्षातील प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आपण मिस्सेत संत लूकच्या शुभवर्तमानातील एक लहानसा उतारा (लूक १३:१-९) ऐकतो. काही लोक प्रभू येशूकडे एक ताजी बातमी घेऊन येतात. पिलाताने गालीलातील काही माणसांना यज्ञ अर्पण करीत असतानाच ठार मारले होते. येशू त्यांना दुसऱ्या घटनेची आठवण करून देतो. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे त्याखाली चिरडून मेली होती.

दोन्ही घटनांविषयी लोकांच्या मनात एकच प्रश्न होता : या मेलेल्यांनी असे कोणते पाप केले असेल? येशूने त्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती. आणि लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळला. तुमचे काय? तुम्ही मन पालटणार आहात की नाही?

आपण भोर-वेल्ह्यातील माणसे हा उतारा थोडा अधिक लक्ष देऊन ऐकावा, असे आम्हांस वाटते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही सारी धरणे आपल्या दोन तालुक्यांत आहेत. आपल्यापैकी काहींची शेती धरणाखाली भिजते, तर काहींच्या आजोबांची शेती धरणाच्या पोटात बुडाली आहे. डोंगर, पाणी आणि जमीन यांच्या भरवशावरच आपण जगतो. हा भरवसा तुटतो तेव्हा आपण काय बोलतो आणि काय करतो, याचा आज विचार करू या.

आपल्या खोऱ्यातील बुरूज

पानशेत हे वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील गाव. आंबी नदीवरील तेथील मातीच्या धरणाचे काम १९६१ च्या पावसाळ्यात अजून पुरे झाले नव्हते. तरीही धरणात पाणी साठले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धरणाचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी ११ जुलैच्या रात्री भर पावसात वाळूची पोती रचून तो सावरून धरला. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या ऐंशी वर्षांहून जुन्या धरणावर आदळले. दुपारी तेही फुटले आणि पुणे शहरातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

पानशेतचा पूर म्हटला की लोकांना पुणे आठवते. पण ते पाणी पुण्याला पोहोचण्याआधी आपल्या खोऱ्यातून गेले होते. आंबी आणि मुठेच्या काठावरच्या शेतकऱ्याने त्या सकाळी काय पाहिले, याचे छायाचित्र फारसे कोणी काढले नाही.

पुढे सहाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.५ होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे मेली आणि पुण्या-मुंबईपर्यंतची घरे हादरली. आगमनकाळाचे ते दिवस होते.

आणि ११ मार्च २०११ रोजी, राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, जपानमध्ये एकाच दिवशी तीन संकटे आली. ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, त्यापाठोपाठ त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राचा वीजपुरवठा बंद पडला. तेथील तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली. दीड लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले.

अशा वेळी माणसाच्या तोंडून ज्या प्रतिक्रिया येतात, त्यांपैकी तीन आपण तपासून पाहू.

पहिली प्रतिक्रिया : 'त्यांचे पाप असेल'

जपानच्या त्सुनामीनंतर तीनच दिवसांनी टोकियोचे तेव्हाचे राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी ही जपानी माणसाच्या स्वार्थाला मिळालेली दैवी शिक्षा आहे, असे जाहीरपणे म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. त्यांना नावे ठेवण्याआधी आपण आपल्याच ओट्यावरचे बोलणे आठवावे. कोणाचे घर जळाले, कोणाचा तरुण मुलगा अपघातात गेला, की 'काहीतरी केले असेल हो', असे आपणही हळूच म्हणतोच.

एक प्रसंग मात्र आपल्याला असे बोलू देत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी रविवार होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी हजारो भाविक वेलांकणी मातेच्या दर्शनाला गेले होते. आपल्या भागातूनही लोक तेथे मोठ्या श्रद्धेने जातात. त्या सकाळी त्सुनामीच्या लाटेने किनाऱ्यावरील शेकडो माणसांना ओढून नेले. त्यांत यात्रेकरू होते, लहान मुले होती, किनाऱ्यावर दुकान मांडून पोट भरणारे गरीब होते. मंदिर वाचले, हा चमत्कार असे अनेकांनी म्हटले. मंदिर वाचल्याबद्दल आपण देवाचे आभार जरूर मानावेत. पण मग बाहेर जे मेले त्यांच्यावर मातेची कृपा नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता (योहान ९:१-३). पाप याचे की याच्या आईबापाचे? येशूने दोन्ही नाकारले. ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर चांगले मित्र होते. ते बोलू लागले, त्याचे पाप शोधू लागले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. दुःखी माणसाच्या दारी जाताना ही गोष्ट आपण ध्यानी ठेवावी.

दुसरी प्रतिक्रिया : अफवा

फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागताच आशियातील अनेक देशांत मोबाइलवर एक संदेश फिरला. विषारी किरणोत्सर्गी पाऊस येणार आहे, घराबाहेर पडू नका, असे त्यात लिहिले होते आणि खाली एका नामांकित वृत्तसंस्थेचे नाव घातले होते. संदेश खोटा होता. चीनमध्ये आयोडिनयुक्त मीठ खाल्ल्याने किरणोत्सर्गापासून रक्षण होते, अशी आवई उठली आणि लोकांनी दुकानांतील मीठ संपवून टाकले.

तेव्हा संदेश एकेकाला जात असे. आज एका बोटाने तो सगळ्या गटांना जातो. पावसाळ्यात 'धरणाला तडा गेला' असा संदेश आला, की आपण तो वाचून होण्याआधी पुढे पाठवितो. आपल्याला वाटते, आपण सावध करीत आहोत. पण खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपल्या मोबाइललाही लागू आहे. खोट्या हाकाटीने घाबरून पळताना माणसे जखमी होतात आणि दहा वेळा फसलेले लोक अकराव्या वेळी खऱ्या इशाऱ्याकडेही लक्ष देत नाहीत.

तिसरी प्रतिक्रिया : 'देवाची मर्जी'

ही प्रतिक्रिया श्रद्धेची वाटते, म्हणूनच ती नीट तपासली पाहिजे. भूकंप पृथ्वीच्या पोटातील हालचालींनी होतो. पण भूकंपात माणसे मरतात ती बहुतेक वेळा पडलेल्या घराखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जनानंतर लोक गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद त्यांच्या अंगावर आले. सुमारे दहा हजार माणसे गेली. तेवढ्याच धक्क्याला नीट बांधलेली घरे पुष्कळदा तग धरून राहतात.

जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये अहवाल दिला. डॉ. कियोशी कुरोकावा त्याचे अध्यक्ष होते. फुकुशिमाचा अणुअपघात माणसांच्या हातून घडला, तो टाळता आला असता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्सुनामी कोणी थोपवू शकत नव्हते, पण त्या किनाऱ्यावर कोणती काळजी घ्यायची होती, हे माणसांच्या हाती होते. पानशेतबद्दलही तोच विचार मनात येतो. पाऊस देवाचा होता, पण अपुऱ्या धरणात पाणी साठू देणारे हात माणसांचे होते.

म्हणून आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मेलेल्यांचे पाप शोधणे प्रभूने मना केले आहे. परंतु जिवंत असलेल्यांची हयगय शोधणे आणि सुधारणे, हे मन पालटण्याचेच एक रूप आहे. हयगय देवाच्या नावावर खपविणे ही श्रद्धा नव्हे. कोयनेच्या भूकंपानंतर तेथील धरण अधिक मजबूत करण्यात आले. जपानच्या महागुरूंनी ८ नोव्हेंबर २०११ रोजी अणुवीज केंद्रे बंद करावीत, असे आवाहन केले. विजेच्या प्रश्नावर आपल्यात मतभेद असू शकतात. आपल्या राज्यात १९६९ साली सुरू झालेले तारापूर आहे, जैतापूरचा वादही आपण ऐकला आहे. पण धोका ज्यांच्या दाराशी येणार आहे, त्यांना खरे सांगितले पाहिजे, याबाबत ख्रिस्ती माणसाचे दुमत असू नये.

मग देव कोठे होता?

२२ एप्रिल २०११ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, इटलीच्या दूरदर्शनवर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लोकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. पहिला प्रश्न सात वर्षांच्या एका जपानी मुलीचा होता. तिचे घर खूप हादरले होते आणि तिच्या वयाची कितीतरी मुले मेली होती. मला एवढी भीती का वाटावी, मुलांना एवढे दुःख का, असे तिने विचारले.

पोप महोदय मोठे ईशज्ञानी होते. त्यांनी ग्रंथ उघडला नाही. हाच प्रश्न मलाही पडतो आणि आपल्याजवळ त्याचे उत्तर नाही, असे त्यांनी त्या मुलीला सांगितले. पण येशूनेही तुझ्यासारखेच, निरपराध असताना, दुःख भोगले, आणि देव तुझ्या बाजूला आहे, हे त्यांनी तिला समजावले. प्रार्थनेने आणि कृतीने आम्ही तुमच्याबरोबर आहोत, असेही सांगितले.

एवढेच आपणही सांगू शकतो. क्रूसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेने 'का' याचे उत्तर मिळाल्यावर उभे राहायचे ठरविले नव्हते. ती फक्त तेथून हलली नाही. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव भूकंपात भेटला नाही, त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला (१ राजे १९). पानशेतच्या भरावावर रात्रभर पोती वाहणाऱ्या जवानांत तो स्वर होता. त्यांच्यामुळे धरण मध्यरात्री फुटण्याऐवजी उजेडात फुटले. सेंदाई धर्मप्रांताने आणि कारितास जपानने किनाऱ्यावरील गावांत उघडलेल्या मदतकेंद्रांत तो होता. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जण ओनागावा येथे ढिगारे उपसून प्रेते शोधीत होते, त्यांच्या हातांतही तो होता.

झाडाभोवती खणणे

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच येशू अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. फळ न देणाऱ्या झाडाला माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. त्या वर्षात तो भोवती खणणार आहे, खत घालणार आहे. आपल्याला मिळालेले हे वर्ष आपण कसे वापरू?

• पावसाळ्यापूर्वी घराची भिंत, छप्पर, मागची दरड पाहावी. जमिनीला नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे किंवा खांब कलले, तर थांबू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली, हे विसरू नये.

• धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा वाजला की नदीपात्रातून माणसे आणि जनावरे वर घ्यावीत. संदेश आल्यास तहसील कार्यालयाकडून किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून (१०७७) खात्री करावी, मगच पुढे पाठवावा.

• भूकंपाचा धक्का बसल्यास मजबूत टेबलाखाली डोके झाकून बसावे. धक्का थांबल्यावर मोकळ्या जागी जावे.

• जलाशयाच्या काठी मासेमारी करणारी कातकरी कुटुंबे, एकटी राहणारी म्हातारी माणसे, यांना इशारा कोण पोहोचविणार, हे आधीच ठरवावे. ते आपल्या धर्मग्रामातील आहेत की नाहीत, हे विचारू नये. भल्या शोमरोन्यानेही ते विचारले नव्हते.

चिंतनासाठी प्रश्न

१. दुसऱ्याच्या संकटाविषयी आपण शेवटचे काय बोललो? ते त्याच्या तोंडावर बोलू शकलो असतो का?

२. माझ्या हयगयीमुळे कोणाला धोका पोहोचू शकतो?

३. पाणी वाढले तर मी प्रथम कोणाच्या दाराची कडी वाजवीन?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या खोऱ्यांत, कोयनेकाठी, किल्लारीत, वेलांकणीच्या किनाऱ्यावर आणि दूरच्या जपानात जे अचानक गेले, त्यांना तुझ्या शांतीत घे. त्यांचा न्याय करण्याच्या मोहापासून आम्हांस वाचव. आमची जीभ सत्य बोलो, आमचे हात सावध राहोत, आणि बुरूज कोसळेल त्या दिवशी आम्ही शेजाऱ्याच्या दारात सापडावे, अशी कृपा कर. आमेन.