तुळिंजच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक टिकवायचा तर

डिसेंबरच्या रात्री बिनतक्रार चाललेला पीसी एप्रिलच्या दुपारी गेम सुरू होताच बंद पडतो. तुळिंजच्या उकाड्यात असंच होणार. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच जास्त तापतो. म्हणून चाचणी घ्यायची ती भर दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून, एसी बंद ठेवून.

१. आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर काढा. मग बायोसमधलं सगळं मूळ सेटिंगवर आणा. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइलसुद्धा बंद करा, कारण तोही ओव्हरक्लॉकच आहे. स्क्रीनच येत नसेल तर प्लग काढून मदरबोर्डवरचा चपटा सेल काही मिनिटं बाहेर ठेवा.

२. मूळ सेटिंगवरही पीसी हँग होत असेल तर क्लॉकचा वेग निर्दोष आहे; दोष दुसरीकडे शोधा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात? मग बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर पुढचं काहीही करू नका. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागताना पीसी रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला डेस्कटॉपचा असेल तर बायोस अद्ययावत करा: जादा व्होल्टेजमुळे यातले काही प्रोसेसर अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

३. आता फक्त एक्सएमपी चालू करा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एकही एरर चालत नाही. एरर आली तर एकेक पट्टी वेगळी तपासा. दोन्ही चांगल्या निघाल्या तर रॅमचा वेग एक पायरी उतरवा. या पायरीवर घाई नकोच. रॅमची चूक गुपचूप फाइल्स खराब करते, आणि ते कळेपर्यंत फोटोंचा जुना फोल्डर उघडेनासा झालेला असतो.

४. मग प्रोसेसर. गुणक एका वेळी एकानेच वाढवा, म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ. दर वेळी प्राइम९५ अर्धा तास चालवा, शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. तापमान नव्वदीपुढे गेलं तर थांबा. इथे व्होल्टेज वाढवणं म्हणजे आगीत तेल. आधी जाळीतली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

५. तरी पीसी बंद पडला तर कसा बंद पडला ते पाहा. निळी स्क्रीन आली आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए’च्या नोंदी दिसल्या तर बहुतेक वेळा प्रोसेसरला त्या वेगाला व्होल्टेज कमी पडतंय. काहीच न दिसता एकदम काळोख झाला तर संशय एसएमपीएसवर घ्या आणि मित्राचा चांगला एसएमपीएस लावून तीच चाचणी पुन्हा घ्या.

प्रत्येक बदल वहीत लिहा: गुणक, व्होल्टेज, तापमान, दिवसाची वेळ. सगळं जमल्यावर गुणक एकाने खाली आणून तिथेच कायम ठेवा.