संगणकाची कार्यप्रणाली : निवड कोणाची, जबाबदारी कोणाची?

संगणक विकत घेताना आपण त्याचा वेग विचारतो, साठवणक्षमता विचारतो, पडद्याचा आकार विचारतो आणि किंमत तर सर्वांत आधी विचारतो. त्या यंत्राच्या पोटात राहून त्याचा सारा कारभार पाहणारी कार्यप्रणाली कोणती, तिची मुदत केव्हा संपते आणि मुदत संपल्यावर यंत्राचे काय होणार, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी हे न विचारलेले प्रश्न जगभरातील कोट्यवधी संगणकधारकांपुढे एकदमच उभे राहिले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबविला. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या प्रणालीवर कचेऱ्या, शाळा, दुकाने आणि घरे यांतील असंख्य संगणक चालत होते. यंत्रे बिघडली नव्हती. दुसऱ्या दिवशीही ती नेहमीप्रमाणे सुरू झाली. बदल झाला होता तो एवढाच, की त्यांची राखण करणाऱ्याने आपले काम थांबविले होते.

या घटनेच्या निमित्ताने कार्यप्रणाली म्हणजे काय, तिचा आधार संपणे म्हणजे नेमके काय आणि अशा वेळी सामान्य वापरकर्त्याने व सार्वजनिक संस्थांनी कोणता विचार करावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

पाटकरी, बारेकरी आणि जागल्या

धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने शेती भिजविण्याची परंपरा जुनी आहे. या पद्धतीत पाणी सर्वांचे असते. परंतु ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा पाट फोडावा अशी मुभा नसते. पाटाची देखभाल पाटकरी करतो, पाळीप्रमाणे शेतांत पाणी भरण्याचे काम बारेकरी करतो आणि उभ्या पिकाची राखण जागल्या करतो. शेतकऱ्याने पीक पाहावे; पाण्याचा कारभार या मंडळींनी पाहावा, अशी ही व्यवस्था आहे.

संगणकातील कार्यप्रणालीचे काम याहून फारसे निराळे नाही. संगणकावर एकाच वेळी पत्र लिहिले जात असते, हिशेब चालू असतो, छपाई होत असते आणि इंटरनेटवरून माहितीही येत असते. या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र आज्ञावली असते आणि प्रत्येकीला प्रक्रियकाचा वेळ हवा असतो. कार्यप्रणाली तो वेळ सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यांत विभागून प्रत्येकीला पाळीपाळीने देते. पाळी इतकी झपाट्याने फिरते, की सर्व कामे एकदमच चालली आहेत असे आपल्याला वाटते. स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावयाची, कोणती फाईल कोठे ठेवावयाची, छपाईयंत्र, कळफलक, पडदा यांच्याशी कसे बोलावयाचे, हेही तीच ठरविते. एका आज्ञावलीने दुसरीच्या जागेत शिरू नये आणि परवानगी नसलेल्या माणसाने कोणाची फाईल उघडू नये, ही जागल्याची कामगिरीही तिच्याकडेच असते. कार्यप्रणालीच्या ज्या अंतर्भागाला हे सर्व अधिकार असतात, त्याला 'कर्नल' म्हणजे गाभा म्हणतात. गाभ्यात चूक झाली तर ती एका कामापुरती राहत नाही. सारा संगणक ठप्प होतो.

दोन परंपरा

आजच्या कार्यप्रणालींच्या इतिहासात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिल्याचा उगम १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तेथे 'युनिक्स' ही प्रणाली विकसित केली. १९७३ मध्ये ती 'सी' या भाषेत नव्याने लिहिण्यात आली आणि त्यामुळे एका बनावटीच्या यंत्रावरून दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर तिला नेणे सुकर झाले. विद्यापीठांना तिची मूळ संहिता अभ्यासासाठी मिळत असे. त्यातून तंत्रज्ञांची एक पिढी घडली. पुढे या संहितेवर व्यापारी निर्बंध वाढत गेले. तेव्हा सर्वांना वाचता, सुधारता आणि वाटता येईल अशी प्रणाली निर्माण करण्याचा 'ग्नू' प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्डस या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला आणि या प्रयत्नांना पूर्णत्व आले.

दुसरा प्रवाह वैयक्तिक संगणकाबरोबर आला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यासाठीची 'डॉस' प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरविली होती. १९८५ मध्ये 'विंडोज'ची पहिली आवृत्ती आली आणि पुढील दशकात चित्रे व खिडक्या यांच्या साहाय्याने संगणक हाताळण्याची रीत घरोघरी पोहोचली. संगणकाला तज्ज्ञांच्या खोलीबाहेर काढून सामान्य माणसाच्या टेबलावर आणण्याचे बरेचसे श्रेय या प्रवाहाला द्यावयास हवे. मात्र या प्रणालीची संहिता कंपनीची, दुरुस्तीचा अधिकार कंपनीचा आणि तिचे आयुष्य किती, हे ठरविण्याचा अधिकारही कंपनीचाच.

लिनक्स हे काही मोजक्या हौशी मंडळींचे खेळणे आहे, असा समज अजूनही आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉईड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. ज्याला आपण परके समजतो, ते आपण रोज वापरीत असतो.

आधार संपतो म्हणजे काय होते?

कोणतीही कार्यप्रणाली कोट्यवधी ओळींची असते आणि माणसांनी लिहिलेली असते. तीत उणिवा राहतातच. एखादी उणीव लक्षात आली, की निर्माते दुरुस्ती पाठवितात. आधार संपतो याचा अर्थ असा, की उणिवा सापडत राहतात, पण दुरुस्ती येणे थांबते. घर तेच, कुलूपही तेच. परंतु त्या कुलपाची किल्ली चोराच्या हाती लागली तरी नवे कुलूप आणून देणारा कोणी उरत नाही.

या धोक्याची प्रचिती १२ मे २०१७ रोजी जगाला आली. 'वॉनाक्राय' नावाची घातक आज्ञावली त्या दिवसापासून जाळ्यामार्फत एका संगणकातून दुसऱ्यात शिरू लागली. ती फाईली कुलूपबंद करी आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना तिची झळ पोहोचली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय न्यासांचे काम विस्कळीत झाले; रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या.

यातील बोधप्रद भाग पुढेच आहे. ज्या उणिवेतून ही आज्ञावली आत शिरली, तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झालेली होती. बाधित झालेल्या कित्येक संगणकांवरील प्रणालीचा आधार संपलेलाही नव्हता. दुरुस्ती आली होती. ती बसविण्याचे राहून गेले होते. औषध कपाटात होते आणि रोगी खाटेवर होता, असा हा प्रकार. म्हणूनच दोष केवळ जुन्या यंत्रांवर टाकून भागत नाही. देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे जेथे ठरलेले नसते, तेथे नवे यंत्रही असुरक्षितच असते.

दिरंगाई नको, तशी आंधळी घाईही नको

याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ही सुरक्षा आज्ञावली प्रणालीच्या गाभ्यातच काम करीत असल्याने तिच्या चुकीसरशी संगणक कोसळले. विमानसेवा, बँका आणि रुग्णालये यांना फटका बसला. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. तेथे जागल्याच्याच हातून पीक तुडविले गेले.

या दोन घटना एकत्र ठेवल्या, की विवेकाचा मार्ग दिसतो. दुरुस्ती वेळेवर बसवावी. परंतु मोठ्या संस्थेने ती आधी थोड्या यंत्रांवर तपासावी, मग सर्वत्र न्यावी. सर्व कारभार एकाच पुरवठादाराच्या भरवशावर ठेवू नये आणि संगणक बंद पडल्यास काही तास काम हाताने कसे चालवावयाचे, याची पूर्वतयारी असावी.

जुन्या यंत्रासाठी तीन मार्ग

'विंडोज १०' असलेल्या संगणकाच्या मालकापुढे सर्वसाधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला, नव्या आवृत्तीकडे जाण्याचा. 'विंडोज ११' ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि 'टीपीएम २.०' हा सुरक्षाघटक लागतो. शिवाय प्रक्रियकही मान्यताप्राप्त यादीतील असावा लागतो. आपला संगणक या अटी पूर्ण करीत असेल, तर हा मार्ग सोपा आहे.

दुसरा मार्ग नवे यंत्र घेण्याचा. काही ठिकाणी तो अपरिहार्य असतो. परंतु चालते यंत्र टाकून देण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा. जुन्या यंत्रात शिसे आणि इतर घातक द्रव्ये असतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रामार्फतच होणे इष्ट आहे. त्याआधी त्यातील माहिती पूर्णपणे पुसणेही तितकेच अगत्याचे आहे.

तिसरा मार्ग मुक्तस्रोत प्रणालीचा. पत्रव्यवहार, तक्ते, इंटरनेट आणि अध्यापन एवढ्या कामांसाठी कित्येक जुनी यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात. केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षणात मुक्तस्रोत प्रणालीचा अवलंब केला आणि तो मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविला. सी-डॅक या केंद्रीय संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली तयार केली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकारासंबंधी धोरणही जाहीर केले.

तथापि, मुक्त म्हणजे फुकट, असा अर्थ करणे भ्रामक ठरेल. परवान्याचा खर्च वाचतो, पण प्रशिक्षणाचा खर्च करावाच लागतो. छपाईयंत्र, स्कॅनर, अंकीय स्वाक्षरीचे साधन आणि कार्यालयाची विशिष्ट आज्ञावली नव्या प्रणालीवर चालते किंवा नाही, हे आधी तपासावे लागते. कर्मचाऱ्यांना न शिकविता एका रात्रीत प्रणाली बदलली, तर ती अपयशी ठरते आणि दोष मात्र प्रणालीला दिला जातो. कोणत्याही कंपनीचा द्वेष किंवा कोणत्याही प्रणालीची भक्ती, या दोन्हींपासून दूर राहून गरज, खर्च आणि टिकाऊपणा या तीन कसोट्यांवर निर्णय व्हावा, असे माझे मत आहे.

आपले दप्तर, आपली अक्षरे

कार्यप्रणाली बदलता येते, यंत्र बदलता येते. दप्तर मात्र बदलता येत नाही. या बाबतीत मराठी माणसाचा अनुभव बोलका आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवीत असे. फाँट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देई. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. फाईल शाबूत असे, पण वाचता येत नसे.

१९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यात 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. तो विंडोजमध्ये, लिनक्समध्ये आणि भ्रमणध्वनीतही तोच असतो. २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले. प्रणाली कोणतीही असो, अक्षर आपलेच राहावे, ही हमी अशा खुल्या प्रमाणांतून मिळते. हेच तत्त्व फाईलींच्या स्वरूपालाही लागू आहे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले 'ओडीएफ' आणि २००८ मध्ये ठरलेले 'पीडीएफ' यांसारखी स्वरूपे वापरल्यास दप्तर कोणा एका विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

जुन्या फाँटमधील फाईली अजूनही संग्रही असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर जुना संगणक चालू आहे तोवरच करून घ्यावे. रूपांतर झाल्यावर काही पाने मुळाशी ताडून पाहावीत. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

ग्रामपंचायत असो, शाळा असो, सहकारी संस्था असो अथवा एखादे कुटुंब असो. संगणक घेताना चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. या कार्यप्रणालीचा आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे? दुरुस्त्या बसविण्याची जबाबदारी कोणाची? माहितीची दुसरी प्रत कोठे आणि किती दिवसांनी ठेवली जाणार? आणि उद्या प्रणाली बदलली, तर आजच्या फाईली उघडतील काय? दुसरी प्रत त्याच संगणकात ठेवणे म्हणजे ती न ठेवण्यासारखेच होय, हेही लक्षात असावे.

हे प्रश्न विचारण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. फडातल्या शेतकऱ्याला पाटाचे बांधकाम येत नसे. परंतु आपली पाळी केव्हा आहे आणि पाट कोण सांभाळतो, हे त्याला पक्के ठाऊक असे. गावाची जन्ममृत्यूची नोंद, विद्यार्थ्याचे गुणपत्रक आणि सभासदाच्या ठेवीचा हिशेब आता संगणकात आहे. ज्यांचे हे दप्तर, त्यांना त्याच्या राखणदाराची माहिती असलीच पाहिजे.