फिटचं औषध आणि अंगावरचे निळे डाग

आठ वर्षांचं पोर दिवसभर सायकलवर. नडगीवर काळंनिळं दिसलं तर कोण विचारतं? पण आंघोळ घालताना पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला डाग दिसू लागले तेव्हा मनात चरकलं. घोट्यापाशी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, बोटानं दाबले तरी न जाणारे.

रक्ताच्या सीबीसी तपासणीत प्लेटलेट्स ६८ हजार आल्या. निदान दीड लाख तरी हव्यात. आपल्याकडे प्लेटलेट्स म्हटलं की डेंग्यूच! शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन दारात. पोराला ताप नव्हता, हे कुणी ऐकूनच घेईना. सासूबाई म्हणाल्या, "फिटचं ते सिरप आधी बंद कर." कारण त्यांनी अचूक हेरलं होतं, उपाय मात्र भलताच. हे औषध एकाएकी तोडलं तर फिट उसळून येतात, कधी आवरतच नाहीत.

न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी रिपोर्ट दाखवला. थोड्याच दिवसांपूर्वी त्या सिरपचा, म्हणजे व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवला होता. रक्तात या औषधाची पातळी चढली की काहींच्या प्लेटलेट्स उतरतात. त्यांनी डोस बेताबेतानं खाली आणला, जोडीला दुसरं औषध दिलं. पुढच्या तपासण्यांत आकडा सावरला.

तुमच्या मुलाला हेच औषध असेल तर डोस वाढल्यावर अंगावर नजर ठेवा. हिरड्यांतून रक्त येतंय का, तेही बघा. दात काढायचा असो की टॉन्सिलचं ऑपरेशन, औषधाचं नाव आधी सांगा. प्लेटलेट्स पुरेशा असूनही या औषधानं रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील. अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आपल्या मनानं देऊ नका. घोळणा फुटून दाबूनही थांबेना, शी डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

फिटवरच्याच कार्बामाझेपिन या औषधाचं तंत्र वेगळं. त्यानं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. बहुतेकदा घट किरकोळ असते. पण ताप, घसादुखी आणि तोंडात फोड एकदम आले तर सीबीसी लगेच करून घ्या. रिपोर्ट मोबाइलवर आला, की जुन्या रिपोर्टसह डॉक्टरांना पाठवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला, यावरून त्यांना जास्त कळतं.