बगदादचा भाषांतरकार

तैग्रिस नदीच्या पश्चिम तीरावर इ. स. ७६२ मध्ये अब्बासी घराण्यातील खलीफा अल्-मन्सूर याने एका नव्या राजधानीचा पाया घातला. नगराची आखणी वर्तुळाकार होती. तटाला चार वेशी होत्या. त्यांतून निघणारे रस्ते कूफा, बसरा, खुरासान आणि सीरिया यांच्याकडे जात. मध्यभागी खलीफाचा प्रासाद व त्याला लागून मशीद होती. खलीफाने नगराचे नाव ‘मदीनत अस्-सलाम’, म्हणजे ‘शांतीचे नगर’, असे ठेवले. परंतु लोकांच्या तोंडी मात्र त्या जागेचे जुने नाव, बगदाद, हेच कायम राहिले. पाया घालण्याचा मुहूर्त ज्या ज्योतिष्यांनी काढला, त्यांत नौबख्त नावाचा एक इराणी होता आणि माशाअल्ला नावाचा एक ज्यू होता.

एका मुसलमान सम्राटाच्या राजधानीचा मुहूर्त ज्यू ज्योतिष्याने काढावा, याचे आज नवल वाटेल. परंतु अब्बासी साम्राज्य आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापासून सिंधू नदीपर्यंत पसरले होते, आणि त्याच्या प्रजेत मुसलमानांबरोबर ख्रिस्ती, ज्यू व अग्निपूजक इराणी होते. हर्रान नगरात तर ग्रहताऱ्यांची उपासना करणारे लोकही नांदत होते. परधर्मीयांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक असे. मात्र त्यांना वेगळा कर द्यावा लागे, आणि त्यांचे स्थान मुसलमानांच्या बरोबरीचे मानले जात नसे. तरीही ज्याच्यापाशी उपयोगाची विद्या असे, त्याला राजद्वारी प्रवेश मिळे. खुद्द अल्-मन्सूर आजारी पडला, तेव्हा त्याने जुंदीशापूर येथील जुर्जिस नावाच्या ख्रिस्ती वैद्याला बोलावून घेतले. पुढे त्या वैद्याच्या घराण्यातील अनेक पिढ्यांनी खलीफांच्या नाडीवर हात ठेवला.

या नव्या राजधानीला विद्येची भूक मोठी होती. शेतसारा ठरविण्यास गणित हवे होते, नमाजाची वेळ व मक्केची दिशा ठरविण्यास ज्योतिष हवे होते, आणि रोगी तर सर्वत्र असतातच. ही विद्या ज्यांच्यापाशी होती, त्यांच्या भाषा मात्र निरनिराळ्या होत्या. भारतातून आलेल्या एका विद्वानाने ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील ज्योतिषग्रंथ अल्-मन्सूरच्या दरबारी आणला आणि त्याचे अरबीत रूपांतर झाले; संस्कृतातील ‘सिद्धांत’ हा शब्द अरबीत ‘सिंदहिंद’ झाला, तो त्याच वेळी. त्यानंतर काही वर्षांनी, हारून अल्-रशीदच्या कारकीर्दीत, मन्का नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ भाषांतरित केला. हे काम करून घेणारा वजीर याह्या हा बर्मकी घराण्यातला होता. त्या घराण्याचे पूर्वज बल्ख येथील ‘नवविहार’ या बौद्ध विहाराचे मुख्य होते, आणि ‘बर्मक’ हे नावच संस्कृत ‘प्रमुख’ या शब्दापासून आले असे मानले जाते. ज्याच्या पूर्वजांनी विहार सांभाळला, त्याला भारतीय ग्रंथांची ओढ असावी हे स्वाभाविकच होते.

आणखी एक साधन याच सुमारास हाती आले. ते म्हणजे कागद. ती कला चीनकडून समरकंदला आली होती, आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्येही कागद तयार होऊ लागला. चर्मपत्रापेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडे. लवकरच बगदादच्या बाजारात कागद विकणाऱ्यांची व ग्रंथांच्या नकला करून देणाऱ्यांची दुकाने गजबजून गेली.

परंतु वैद्यक, तर्क व भूमिती या विषयांतील सर्वांत मोठे भांडार ग्रीक भाषेत होते, आणि ग्रीक जाणणारे बगदादमध्ये फार थोडे होते. इ. स.च्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या गॅलन या ग्रीक वैद्याने एकट्याने शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले होते. त्यांपैकी काहींची भाषांतरे सीरियाई ख्रिस्ती विद्वानांनी आपल्या भाषेत पूर्वी केली होती. पण त्यांतील पुष्कळशी सदोष होती. भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवीत जात आणि वाक्याचा अर्थ मागेच राही. काव्यात असे झाले तर रसाची हानी होते. वैद्यकात झाले तर रोगी दगावतो.

अशा वेळी इ. स. ८०८ च्या सुमारास कूफाजवळील हीरा या गावी हुनैन इब्न इस्हाक याचा जन्म झाला. ‘इब्न’ म्हणजे मुलगा. त्याचे वडील इस्हाक हे औषधविक्रेते होते. घराणे अरब, धर्म ख्रिस्ती. वैद्यक शिकण्यासाठी हा मुलगा बगदादला आला आणि इब्न मासवैह या नामांकित वैद्याच्या पाठशाळेत बसू लागला. त्याला एक खोड होती. गुरूने काही सांगितले की तो प्रश्न विचारी, उत्तर मिळाले की त्यावर दुसरा प्रश्न विचारी. एके दिवशी गुरूचा संयम सुटला. हीरेच्या लोकांचा वैद्यकाशी संबंध काय, रस्त्यावर बसून नाणी मोडून देण्याचा धंदा कर, अशा शब्दांत त्याने शिष्याला घालवून दिले. हुनैन रडत बाहेर पडला.

त्यानंतर काही वर्षे तो दिसेनासा झाला. जुने चरित्रकार सांगतात की, एका परिचिताला तो पुढे एका घरी अचानक भेटला. केस वाढलेले, चेहरा झाकलेला, आणि तो येरझारा घालीत होमरचे काव्य मूळ ग्रीकमध्ये म्हणत होता. ग्रीक भाषा पुरती हस्तगत होईपर्यंत वैद्यकाला हात लावायचा नाही, असा त्याने निश्चय केला होता. पुढे त्याने केलेले एक भाषांतर कोणी इब्न मासवैहला नेऊन दाखविले, तेव्हा ते वाचून गुरू थक्क झाला. दोघांचा समेट झाला. इतकेच नव्हे, तर हुनैनने पुढे ज्यांच्यासाठी ग्रंथ भाषांतरित केले, त्यांत या गुरूचेही नाव आढळते.

हुनैनची कामाची रीत कशी होती, हे त्याने स्वतःच एका दीर्घ पत्रात लिहून ठेवले आहे. विशीत असताना त्याने गॅलनच्या एका ग्रंथाचे भाषांतर केले होते. हाती असलेली ग्रीक प्रत चुकांनी भरलेली होती. चाळिशीच्या सुमारास त्याचा शिष्य हुबैश याने ते भाषांतर सुधारून देण्याची विनंती केली. दरम्यान हुनैनने त्याच ग्रंथाच्या अनेक ग्रीक प्रती जमविल्या होत्या. त्याने त्या सर्व एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्यांवरून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि मग आपले जुने भाषांतर तिच्याशी ओळीओळीने जुळवून दुरुस्त केले. हीच आपली नेहमीची पद्धत आहे, असे तो नमूद करतो. आधी मूळ शुद्ध करावे, मग भाषांतर करावे. आणि तेही शब्दाला शब्द न ठेवता, सबंध वाक्याचा अर्थ मनात धरून. आजही प्राचीन ग्रंथांचे संपादक प्रथम प्रती जमवूनच कामाला बसतात.

नव्या भाषेत नवे शब्दही घडवावे लागले. डोळ्याच्या आतील पडद्याला ग्रीक वैद्यांनी मासे धरण्याच्या जाळ्यावरून नाव दिले होते. अरबीत तो ‘शबका’, म्हणजे जाळे, या शब्दावरून ओळखला जाऊ लागला. पुढे अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरे झाली, तेव्हा जाळ्याला लॅटिनमध्ये जो शब्द होता त्यावरून ‘रेटिना’ हे नाव तयार झाले. मूळ ग्रीक कोळ्याचे जाळे असे तीन भाषांतून फिरत आजच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले आहे.

हे काम एकट्याचे नव्हते. हुनैनचा मुलगा इस्हाक व भाचा हुबैश हे त्याच्याबरोबर बसत. हर्रानचा तारापूजक साबित इब्न कुर्रा हा गणितग्रंथ पाही. युक्लिडच्या भूमितीचे इस्हाकने केलेले भाषांतर त्यानेच सुधारले. पैसा पुरविणाऱ्यांत मूसाचे तीन पुत्र म्हणून प्रसिद्ध असलेले मुसलमान गणिती बंधू पुढे होते. ते भाषांतरकारांवर महिन्याला सुमारे ५०० दिनार खर्च करीत, असे दहाव्या शतकातील ग्रंथसूचीकार इब्न अल्-नदीम सांगतो. बगदादच्या ‘बैत अल्-हिकमा’, म्हणजे ‘ज्ञानगृह’, या राजग्रंथालयाविषयी पुढे पुष्कळ रम्य कथा रचल्या गेल्या. हुनैनच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. त्यातील हिशेब असा असतो: अमुक वैद्याने अमुक ग्रंथ मागितला, अमुक गावी त्याची प्रत मिळाली.

एका ग्रंथाचा शोध मात्र फार दूरवर गेला. गॅलनने तर्कशास्त्रीय सिद्धतेवर पंधरा भागांचा एक ग्रंथ लिहिला होता. हुनैनने त्यासाठी उत्तर इराक, सीरिया, पॅलेस्टाइन व इजिप्त पालथे घातले, थेट अलेक्झांड्रियापर्यंत तो गेला. सारा ग्रंथ कोठेच नव्हता. फक्त दमास्कसला त्याचा निम्माशिम्मा भाग मिळाला, तोही विस्कळीत व अपुरा.

इ. स. ८४७ मध्ये अल्-मुतवक्किल खलीफा झाला. राजधानी त्या वेळी बगदादच्या उत्तरेस समर्रा येथे होती. या खलीफाने इ. स. ८५० मध्ये ख्रिस्ती व ज्यू प्रजेला ओळखू येईल अशी मधाच्या रंगाची वस्त्रे वापरण्याची सक्ती केली. आणि त्याच खलीफाच्या पदरी हुनैन वैद्य होता. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. वैद्याची निष्ठा पारखण्यासाठी खलीफाने त्याला मोठे इनाम देऊ केले आणि एका शत्रूसाठी गुप्त विष तयार करण्यास सांगितले. आपण केवळ हितकर औषधे शिकलो आहोत, असे उत्तर हुनैनने दिले. त्याला एक वर्ष बंदिवासात ठेवण्यात आले. तेथेही तो लिहीत राहिला. वर्षानंतर त्याला पुन्हा समोर आणले, तेव्हा एका बाजूस धनाची रास होती आणि दुसऱ्या बाजूस तलवार. उत्तर तेच आले. तेव्हा खलीफाने ही परीक्षा होती असे सांगून नकाराचे कारण विचारले. हुनैनने दोन कारणे दिली: शत्रूचेही भले करावे असे आपला धर्म सांगतो, आणि कोणासही प्राणघातक द्रव्य देणार नाही अशी शपथ आपल्या व्यवसायाने घातली आहे.

प्रसंगाचा तपशील कथेत रंगला असेल. दरबारातील कारस्थानांनी हुनैनला पुष्कळ सोसावे लागले, हे मात्र खरे. देशोदेशी हिंडून आयुष्यभर जमविलेला आपला सारा ग्रंथसंग्रह तो एका घटकेत गमावून बसला. इ. स. ८५६ मध्ये गॅलनच्या ग्रंथांची माहिती देणारे ते पत्र त्याने लिहिले, तेव्हा त्याच्याजवळ एकही पुस्तक नव्हते. म्हणूनच ते लिहिण्यास आपण धजत नव्हतो, असे तो म्हणतो. तरीही स्मरणातून त्याने १२९ ग्रंथांची नोंद केली: कोणता कोणी भाषांतरित केला, कोणासाठी, कोणत्या प्रतीवरून, आणि कोठे चुका राहिल्या. इ. स. ८७३ मध्ये तो मरण पावला.

इ. स. १२५८ मध्ये हुलागू खानाच्या मोंगल सैन्याने बगदाद उद्ध्वस्त केले आणि खलीफाला ठार मारले. पण हुनैनची भाषांतरे तोपर्यंत दूर गेली होती. अकराव्या शतकात दक्षिण इटलीत त्याचा वैद्यकप्रवेश लॅटिनमध्ये आला आणि युरोपातील विद्यार्थी ‘जोहानिटियस’ या नावाने तो घोकू लागले. पुढे स्पेनमधील टोलेडो नगरात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली. गॅलनच्या शरीरविच्छेदनावरील ग्रंथाचे पंधरा भाग होते. त्यांचे ग्रीक मूळ आज नवव्या भागात तुटते. पुढचे सारे भाग केवळ बगदादच्या या मंडळींनी केलेल्या अरबी भाषांतरामुळे वाचले. ज्या ग्रंथासाठी हुनैन अलेक्झांड्रियापर्यंत गेला, त्याचे मात्र तसे झाले नाही. दमास्कसला सापडलेला तो अर्धा भागही पुढे नाहीसा झाला, आणि इतर लेखकांनी उतरून घेतलेली त्यातील थोडीशी वाक्ये तेवढी उरली आहेत.