जुन्या डिझेल इंजिनाच्या पंपाची गळती : शोध आणि दुरुस्ती

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मळ्यात, विहिरीवर किंवा ओढ्याकाठी एखादे जुने डिझेल इंजिन अजूनही उभे असेल. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यापासून एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे इंजिन ही महाराष्ट्राच्या शेतीतील परिचयाची वस्तू झाली. विजेची मोटर आल्यावर ते मागे पडले. पण ऐन पाण्याच्या पाळीला वीज गेली की त्याचीच आठवण होते. असे इंजिन बहुधा मुळात ठणठणीत असते. फक्त त्याचा इंधनपंप ओला असतो, खाली डिझेलचे थारोळे साचलेले असते आणि मालक हाती येईल तो पाना घेऊन दिसेल तो नट आवळत असतो. ही सवय मोडावी, एवढ्यासाठीच हा पाठ. गळती नेमकी कोणत्या जागी आहे हे ठरल्याखेरीज या पंपाला पाना लावू नये.

गळती किरकोळ वाटते म्हणून थोडे गणित करू. सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर तासाला १८० मिलिलिटर आणि आठ तासांच्या पाळीत जवळपास दीड लिटर डिझेल मातीत जाते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. म्हणजे दीड तासाचे पाणी आपण रोज जमिनीवर सांडतो. मात्र मातीत पडणारे डिझेल निदान डोळ्यांना दिसते. खरे नुकसान न दिसणाऱ्या गळतीने होते. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी पंपाचे काम समजून घ्यावे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले, तेव्हा त्यात इंधन दाबाखालच्या हवेच्या जोरावर फुंकले जाई आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर बाळगावा लागे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून इंधनपंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन लहान व सुटसुटीत होण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘मायकोचा पंप’ म्हणतात तो याच घराण्यातला. त्यात एक बारीक दट्ट्या, म्हणजे प्लंजर, आणि तो ज्यात वरखाली होतो ते बॅरल असते. या जोडीला कारागीर ‘एलिमेंट’ म्हणतात. दोहोंतील फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार केलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीही घालू नये. खालून कॅमने प्लंजर वर ढकलला की डिझेल सुमारे २०० बार दाबाने डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडून, पोलादी नळीतून नोझलकडे धावते. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा जवळपास शंभरपट आहे.

म्हणजे एकाच पंपात दोन राज्ये नांदतात. टाकीपासून बॅरलच्या छिद्रापर्यंत दाब नाममात्र, केवळ टाकीच्या उंचीचा; बॅरलच्या वर मात्र प्रचंड. गळतीचे निदान या भेदावरच उभे आहे. इंजिन बंद ठेवून टाकीची तोटी उघडी ठेवावी. तरीही थेंब पडत राहिले तर दोष कमी दाबाच्या बाजूला आहे. बंद असताना पंप कोरडा राहतो आणि चालू होताच ओला होतो, असे असेल तर बहुधा वरची बाजू तपासावी. जागा हेरण्यासाठी पंप ब्रशने व स्वच्छ डिझेलने धुऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून कोरडा करावा आणि त्यावर खडूची भुकटी हलकेच भुरभुरावी. शाळेत शिकलेल्या माणसाला याहून स्वस्त उपकरण मिळणार नाही! जिथे पांढरे आधी काळवंडते, तिथे उगम. खाली ओघळलेले फसवे असते. सांधा उघडण्यापूर्वी ही भुकटी पुन्हा धुऊन काढावी. तिचा कण आत गेला तर एलिमेंटवर ओरखडा उमटतो.

एक इशारा इथेच द्यायला हवा. चालू इंजिनाच्या नळीवर किंवा नोझलच्या तोंडावर बोट फिरवून गळती शोधू नये. त्या दाबाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही. पण आत गेलेले डिझेल मांस नासवते आणि प्रसंगी बोट काढावे लागते. असे घडल्यास वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

कमी दाबाच्या बाजूची गळती सोपी. टाकीकडून येणारी नळी जिथे पोकळ बोल्टने पंपाला जोडलेली असते, तिथे दोन्ही अंगांना एकेक वॉशर असतो. हवा काढण्याच्या स्क्रूखाली आणि बॅरल फिरू नये म्हणून बाजूला बसवलेल्या स्क्रूखालीही वॉशर असतात. पुष्कळजण येथे आट्यांवर सुतळी, साबण किंवा प्लंबरची पांढरी टेप लावतात. हे सांधे आट्यांवर बंद होत नाहीत, सपाट तोंडांवर होतात. टेपच्या चिंध्या मात्र नोझलपर्यंत पोहोचतात. वॉशर बदलावा हेच उत्तम. तांब्याचा नवा मिळालाच नाही तर जुना मंद लाल होईतो तापवून पाण्यात टाकावा. पोलाद असे केल्याने कठीण होते, तांबे मऊ पडते. वारंवार दाबले जाऊन आलेला ताठरपणा जातो. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर वॉशर घासून सपाट करावा आणि धुऊन बसवावा.

वरच्या बाजूला दोन जागा संशयास्पद. नळीचा नट ओला असेल तर नळीचे शंकूसारखे तोंड झिजले आहे का ते पाहावे. झिजले असल्यास नळी बदलावी. हा नट सोडताना डिलिव्हरी होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर तोही सोबत फिरतो. होल्डरच्या खालून डिझेल येत असेल तर त्याखालचा वॉशर दमला आहे. आवळण्याचा मोह सर्वांत अधिक होतो तो इथेच, आणि सर्वांत महागही इथेच पडतो. होल्डर बेताबाहेर आवळला की त्याखालचे बॅरल किंचित वाकडे दाबले जाते. जिथे फटच दोन-तीन मायक्रॉनची, तिथे तेवढ्याने प्लंजर अडकतो. प्लंजर फिरवून इंधन कमी-जास्त करणारी रॅकही त्याबरोबर जखडते आणि गव्हर्नरच्या हाती काही उरत नाही. रॅक भरपूर इंधनाच्या जागी अडकली तर भार सुटताच इंजिन बेफाम पळते. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून हवा तोडणे हाच भरवशाचा उपाय. म्हणून होल्डर उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळावा आणि लगेच रॅक बोटाने सरकवून पाहावी. ती लोण्यासारखी सरकली नाही, तर इंजिन सुरू करू नये.

आता न दिसणारी गळती. प्लंजरच्या कडेने थोडे डिझेल खाली झिरपते. त्यानेच त्याला वंगण मिळते. परंतु एलिमेंट झिजले, किंवा बॅरल पंपाच्या अंगावर ज्या खांद्याने टेकते तिथे ओरखडा पडला, तर डिझेल कॅमवरून थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. पंप बाहेरून चकचकीत कोरडा दिसतो आणि मालक समाधानी असतो. ऑइल न घालताच डिपस्टिकवरची पातळी चढू लागली, तर आनंद मानू नये. दुधाळ दिसले तर पाणी. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर पंप. पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, आणि काही शे रुपयांच्या दोषापायी क्रँकशाफ्ट घासून आणण्याची पाळी येते. असे इंजिन तिथेच थांबवावे. एलिमेंटची दुरुस्ती झाडाखाली होत नाही. पंप उतरवून चाचणीयंत्र असलेल्या कारागिराकडेच न्यावा. उतरवताना पंपाखालच्या पातळ पत्र्यांच्या शिम मोजून, बांधून ठेवाव्यात. इंधन कोणत्या क्षणी पडावे हे त्यांच्या जाडीवर ठरते; एक हरवली तरी इंजिन ठोके देऊ लागते.

काम झाल्यावर आत शिरलेली हवा काढावी. पंपावरचा स्क्रू सैल करून बुडबुड्यांविना अखंड डिझेल येईतो थांबावे व तो बंद करावा. नंतर नोझलकडचा नट सैल ठेवून, रॅक उघडी धरून हँडल फिरवावे. डिझेल ठोक्याठोक्याने उसळू लागले की नट आवळावा. इंजिन अर्धा तास भारावर चालवून ते बंद करावे, पंप पुसून पुन्हा खडू भुरभुरावा आणि इंजिन आणखी थोडे चालवून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिकवरची पातळी वहीत लिहून ठेवावी; आठ-दहा तास चालल्यावर ती पुन्हा थंड स्थितीतच मोजावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.