दूध संस्थेचे वार्षिक विवरणपत्र : काय, केव्हा व कशासाठी?

ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्था हा गावचा लहानसा व्यवसायच होय. सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप घेणे, फॅट तपासणे, दूध संघाकडे पाठविणे आणि ठरल्या दिवशी उत्पादकांचे पैसे चुकते करणे, एवढ्यावर संस्थेचे काम संपते असा अनेक संचालकांचा समज असतो. तथापि, वर्षातून एकदा शासनाला सादर करावयाचे विवरणपत्र हाही या कामाचाच अविभाज्य भाग आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ७९ मध्ये २०१३ साली झालेल्या सुधारणेने त्याचा तपशील निश्चित केला आहे.

मुदतीची साखळी

सहकारी संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. तेथून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हावयास हवे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते व विवरणपत्राची मुदतही त्याच दिवशी संपते. लेखापरीक्षण लांबले तर सभेपुढे तपासलेले हिशेब ठेवता येत नाहीत. सभा लांबली तर नफावाटणीस मंजुरी मिळत नाही. आणि मंजुरीवाचून विवरणपत्र अपुरे राहते. म्हणून तयारीचा आरंभ सप्टेंबरात नव्हे, एप्रिलमध्येच झाला पाहिजे.

विवरणपत्रात काय असावे?

पुढील बाबी निबंधकाकडे सादर कराव्या लागतात : १) वर्षभरातील कामकाजाचा अहवाल, २) लेखापरीक्षित हिशेबपत्रके, ३) सर्वसाधारण सभेने मंजूर केलेली नफ्याच्या विनियोगाची योजना, ४) उपविधीत दुरुस्त्या झाल्या असल्यास त्यांची यादी, ५) सभेचा दिनांक आणि निवडणूक देय असल्यास ती घेतल्याबाबतचे घोषणापत्र, ६) निबंधकाने मागविलेली अन्य माहिती. याखेरीज, पुढील लेखापरीक्षणासाठी सभेने शासनमान्य नामिकेतून नेमलेल्या लेखापरीक्षकाचे नाव व त्याची लेखी संमती सभेपासून एक महिन्याच्या आत कळवावी लागते. विवरणपत्रे सहकार खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरण्याची सोय असून सही-शिक्क्याची प्रत दप्तरी ठेवणे हिताचे असते.

नफ्याचा विनियोग : एक उदाहरण

समजा, एका संस्थेला वर्षअखेर ६०,००० रुपये निव्वळ नफा झाला आणि तिचे वसूल भागभांडवल १,२०,००० रुपये आहे. नफ्याचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे १५,००० रुपये, राखीव निधीत गेलाच पाहिजे. लाभांशाची कमाल मर्यादा १५ टक्के असल्याने तो १८,००० रुपयांहून अधिक देता येणार नाही. उरलेल्या २७,००० रुपयांचा विनियोग अधिनियम व उपविधी यांना अनुसरून सभेने ठरवावयाचा आहे. हा निर्णय सभावृत्तात स्पष्ट आकड्यांनिशी नोंदलेला असावा व तेच आकडे विवरणपत्रात यावेत.

दोष आढळल्यास

लेखापरीक्षणात त्रुटी आढळणे म्हणजे अपहार सिद्ध होणे नव्हे. अनामतीची जुनी येणी, पशुखाद्याच्या साठ्यातील फरक, पावतीवाचून झालेला खर्च अशा त्रुटी दुरुस्त करता येतात. अहवालाच्या दिनांकापासून तीन महिन्यांत ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल सादर करावयाचा असतो. दोष झाकण्यापेक्षा त्यावर केलेली कार्यवाही लिहिणे केव्हाही श्रेयस्कर.

विवरणपत्र न दिल्यास

मुदतीत विवरणपत्र न आल्यास निबंधक ते काम अन्य व्यक्तीकडून संस्थेच्या खर्चाने करवून घेऊ शकतो. हा खर्च शेवटी दूध घालणाऱ्या सभासदांच्याच माथी बसतो. विवरणपत्रे सादर न करणे हा अधिनियमान्वये अपराधही आहे. सचिवाकडून काम राहिले, ही सबब समितीला पुरेशी नाही. वेळेवर पूर्तता करून घेण्याची जबाबदारी समितीचीही आहे.

एक-दोन गाईंच्या दुधावर घर चालविणाऱ्या सभासदाला कीर्द-खतावणी पाहण्यास सवड नसते. आपल्या दुधाच्या पैशांचा हिशेब त्रयस्थाने तपासला, सभेने मान्य केला व तो शासनदप्तरी नोंदला गेला, हाच त्याचा आधार. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक हे पुष्कळदा अशा संस्थांचे सभासद किंवा सल्लागार असतात. त्यांनी एप्रिलमध्ये हिशेबाची, जुलैत लेखापरीक्षणाची आणि सप्टेंबरात सभेची विचारणा केली, तरी गावातील संस्थेचे विवरणपत्र वेळेवर जाण्यास मोठे साहाय्य होईल.